येशूचे स्वर्गारोहण

पुनरुत्थानानंतर ४०व्या दिवशी येशू ख्रिस्त शिष्यांच्या देखत स्वर्गात घेतला गेला, अशी ख्रिस्ती श्रद्धा आहे. या घटनेस येशूचे स्वर्गारोहण असे म्हणतात. इ.स. ३२५ मधील निकेयाच्या श्रद्धासूत्रात तिचा समावेश असून बहुतेक सर्व ख्रिस्ती पंथ ती मान्य करतात. गुरूच्या या वियोगानंतर शिष्य शोकाकुल न होता आनंदित झाले, असे लूककृत शुभवर्तमान सांगते. या आनंदाचे कारण काय, हा प्रश्न ख्रिस्ती धर्मविचारात आरंभापासून महत्त्वाचा मानला गेला आहे.

महाभारतातील १८वे पर्वही 'स्वर्गारोहणपर्व' या नावाने ओळखले जाते. त्याचा या घटनेशी संबंध नाही.

बायबलमधील वर्णन

घटनेचे सविस्तर वर्णन लूककृत शुभवर्तमान (अध्याय २४) आणि प्रेषितांची कृत्ये (अध्याय १) या दोन ग्रंथांत आढळते. परंपरेने दोहोंचा कर्ता लूक मानला जातो. पहिल्या ग्रंथानुसार येशूने शिष्यांना बेथानीपर्यंत नेले, हात उंचावून आशीर्वाद दिला आणि आशीर्वाद देत असतानाच तो त्यांच्यापासून वेगळा झाला. शिष्य मोठ्या आनंदाने यरुशलेमेस परतले. दुसऱ्या ग्रंथात ४० दिवसांचा कालावधी, येशूला दृष्टीआड करणारा मेघ आणि शुभ्र वस्त्रांतील दोन पुरुष यांचा उल्लेख आहे. आकाशाकडे टक लावून का उभे आहात, असे विचारून हे पुरुष येशूच्या पुनरागमनाची ग्वाही देतात.

मार्ककृत शुभवर्तमानाच्या शेवटीही या घटनेचा त्रोटक उल्लेख आहे; मात्र तो भाग सर्वांत जुन्या हस्तलिखितांत नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानात आरोहणाचे वर्णन नाही. युगाच्या समाप्तीपर्यंत सोबत राहण्याच्या येशूच्या वचनाने ते संपते.

आनंदाचा अर्थ

या आनंदाची उकल मुख्यतः तीन प्रकारे केली जाते.

पहिली उकल मध्यस्थीची आहे. रोमकरांस पत्र व इब्री लोकांस पत्र यांनुसार ख्रिस्त देवाच्या उजवीकडे राहून मानवांसाठी विनंती करतो. मोह आणि दुःख स्वतः अनुभवलेला हा महायाजक दुर्बळांविषयी सहानुभूती बाळगतो. म्हणून अपराधाच्या जाणिवेने खचलेल्या माणसानेही धैर्याने देवाजवळ जावे, असे इब्री लोकांस पत्रात सुचवले आहे. दगडमार होण्यापूर्वी स्तेफनाला देवाच्या उजवीकडे उभा असलेला येशू दिसला, हा प्रेषितांच्या कृत्यांतील प्रसंगही छळात धीर देणारा मानला जातो.

दुसरी उकल मानवी देहाच्या सन्मानाची आहे. ख्रिस्त देहासह स्वर्गात गेल्याने मानवी स्वभावालाच तेथे स्थान मिळाले, असे ही उकल मानते. ५व्या शतकातील पोप पहिले लिओ यांनी आपल्या प्रवचनांत शिष्यांच्या आनंदाचे हेच कारण सांगितले. मस्तक जेथे पोहोचले तेथे शरीरानेही पोहोचण्याची आशा धरावी, असा त्यांच्या विवेचनाचा आशय आहे.

तिसरी उकल पवित्र आत्म्याच्या दानाची आहे. योहानकृत शुभवर्तमानानुसार, आपण गेल्याशिवाय साहाय्यकर्ता येणार नाही, असे येशूने शिष्यांना सांगितले होते. त्यामुळे एका स्थळी दिसणारा गुरू अंतरला, तरी त्याचे सान्निध्य सर्वत्र लाभते, असे मानले जाते.

प्रोटेस्टंट परंपरेतील हायडलबर्ग प्रश्नोत्तरीत (१५६३) मध्यस्थी, देहाच्या स्वर्गप्रवेशाची हमी आणि आत्म्याचे दान हे तीनही लाभ एकत्र नोंदवलेले आहेत. ख्रिस्ताचा देह स्वर्गात असताना तो प्रभुभोजनात कशा प्रकारे उपस्थित असतो, याविषयी मात्र ल्यूथर व कॅल्व्हिन यांच्या अनुयायांत तीव्र मतभेद झाले.

या श्रद्धेने वियोगाचे दुःख नाकारले जाते, असे नाही. योहान सेबास्टियन बाख यांच्या स्वर्गारोहण ऑरेटोरिओत (१७३५) उल्हासपूर्ण समूहगानानंतर येशूला थांबण्याची विनवणी करणारे व्याकूळ एकलगान येते, आणि रचनेचा शेवट पुन्हा जल्लोषात होतो.

सण

स्वर्गारोहणाचा सण ईस्टरपासून ४०व्या दिवशी, म्हणजे गुरुवारी येतो; ईस्टर रविवार हा पहिला दिवस धरला जातो. ४थ्या शतकाच्या अखेरीस तो स्वतंत्र सण म्हणून रूढ झाला होता. काही देशांत कॅथॉलिक चर्च तो पुढील रविवारी साजरा करते. त्यानंतर, ईस्टरपासून ५०व्या दिवशी, पवित्र आत्म्याच्या आगमनाचा पेन्टेकॉस्ट हा सण येतो. कॅथॉलिक पंथात १५ ऑगस्टला पाळला जाणारा मरियेच्या स्वर्गप्रवेशाचा सण यापासून वेगळा आहे.

स्थळ

परंपरेनुसार ही घटना यरुशलेमजवळील जैतुनांच्या डोंगरावर घडली. तेथील अष्टकोनी प्रार्थनास्थळ मुख्यतः १२व्या शतकातील क्रुसेडकालीन बांधकाम आहे. आतील खडकावरील खूण येशूच्या पाऊलखुणेची असल्याचे भाविक मानतात. सलाहुद्दीनने ११८७ मध्ये यरुशलेम जिंकल्यानंतर या वास्तूचे मशिदीत रूपांतर झाले. ती आजही मुस्लिम व्यवस्थापनाखाली असून स्वर्गारोहणाच्या सणाला ख्रिस्ती समुदाय तेथे उपासना करतात. ईसा यांना अल्लाहने आपल्याकडे उचलून घेतले, अशी श्रद्धा इस्लाममध्येही आहे. मात्र त्यांना क्रुसावर मृत्यू आला, हे बहुसंख्य मुस्लिम मानत नाहीत.