पालखीच्या वाटेवर आठवलेले टिळक

यंदा माउलींची पालखी दिघीकडून विश्रांतवाडीत आली, तेव्हा दरवर्षीसारखे आम्ही घरचे पाण्याचे जार घेऊन उभे होतो. आम्ही मराठी ख्रिस्ती, मूळचे नगरकडचे. ओळखीतल्या एकाने विचारलंच, "तुम्ही तर धर्म बदललेला, मग इथं कसे?" रात्री आमच्यातल्याच एकाचा फोन. "विश्वासात पक्के असाल तर पालखीपुढं कशाला उभे राहता?"

दोघांनाही एकाच माणसाबद्दल सांगावंसं वाटतं. रेव्हरंड ना. वा. टिळक. (लोकमान्य नव्हेत! हा घोळ शाळेपासून चालत आलाय.)

जन्म १८६१, कोकणातल्या करजगावचा. चित्पावन घर, कवी, संस्कृतचा पंडित. राजनांदगावला जाताना रेल्वेत एका गोऱ्या प्रवाशाने त्यांना नवा करार दिला. माणूस तेवढ्यावर हुरळला नाही. वाचलं, वाद घातले, आणि १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला. किंमत लगेच चुकवावी लागली. बायको आणि लहान दत्तू दुरावले. लक्ष्मीबाई नातेवाइकांकडे पंढरपूरला राहिल्या. पुढे त्या नगरला आल्या, पण लगेच ख्रिस्ती झाल्या नाहीत. सोवळं-ओवळं, जातपात यांच्याशी स्वतःच झगडून, स्वतःच्या बुद्धीने त्यांनी १९०० साली बाप्तिस्मा घेतला. त्यांची 'स्मृतिचित्रे' ज्यांनी वाचली नसतील त्यांनी आधी ती वाचावीत, माझी पोस्ट नंतर वाचली तरी चालेल.

आता फोनवाल्या मित्रासाठी. हेच टिळक म्हणत, मी ख्रिस्ताकडे आलो तो तुकोबांच्या वाटेने. चर्चमध्ये इंग्रजी चालींची भाषांतरित गीतं चालायची, तिथं त्यांनी अभंग, भजन, कीर्तन आणलं. माझी आजी वाचायला शिकली नव्हती, पण टिळकांची भजनं तिला तोंडपाठ. टाळ आमच्या देव्हाऱ्यात नाही, चर्चच्या कपाटात असतात, एवढाच फरक.

आणि चौकातल्या ओळखीच्यासाठी. बालकवी ठोंबरे नगरला टिळकांच्या घरी मुलासारखे राहिले. हिंदूच राहिले.

टिळक मिशनचेही मिंधे राहिले नाहीत. १९१७ मध्ये त्यांनी अमेरिकन मराठी मिशन सोडलं, म्हणजे हक्काचा पगार सोडला, तेही पंचावन्नीत. साताऱ्याला 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघेही त्यात ख्रिस्ताचे शिष्य म्हणून येऊ शकत. मिशनमधल्या अनेकांना हे रुचलं नाही. दोन वर्षांतच, ९ मे १९१९ ला, ते गेले. 'ख्रिस्तायन' जेमतेम दहा-अकरा अध्यायांवर थांबलं होतं. ते लक्ष्मीबाईंनी पुरं केलं. ज्या बाईला नवऱ्याच्या धर्मांतराने उघड्यावर आणलं होतं, तिनेच!

मी मूर्तीला हात जोडत नाही. वारकऱ्यांना ते माहीत असतं, निदान जे दरवर्षी आमच्याकडे थांबतात त्यांना तरी. यंदा एका आजोबांनी पाणी पिऊन माझ्याच पाया पडायला वाकले. मी त्यांना धरलं आणि मीच वाकलो. पुढच्या वर्षी जार दोन जास्त लागतील, या वेळी दुपारीच संपले.