मांजराच्या पचनमार्गातील मोटिलिन ग्राही

मोटिलिन हे लहान आतड्याच्या आरंभीच्या भागातील अस्तरातून स्रवणारे, २२ अमिनो आम्लांचे संप्रेरक होय. जठर व लहान आतडे यांच्या भिंतींतील ग्राहींशी ते जोडले गेले की स्नायू आकुंचन पावतात व जठर रिकामे होण्यास गती मिळते. उंदरांत या संप्रेरकाचे व त्याच्या ग्राहीचे कार्यक्षम जनुकच उरलेले नाही. त्यामुळे प्रयोगशाळेतील या नेहमीच्या प्राण्यावरून मांजराविषयी अनुमान काढता येत नाही. एरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक जंतुसंसर्गासाठी लागते त्याहून कमी मात्रेत हेच ग्राही चेतविते. म्हणून जठराची गती मंदावलेल्या मांजरांना पशुवैद्य ते देतात. मात्र मांजरे दोरा गिळतात, कधी सुईसकट! अशा वेळी अडलेल्या आतड्यावर आकुंचनांचा जोर पडल्यास ते फाटू शकते. अडथळा नसल्याची खात्री झाल्याखेरीज हे औषध देता येत नाही.