पावतीवरचे नाव

स्मरणिकेसाठी ‘आपल्या वस्तीचा इतिहास’ लिहून द्या, असे चिटणीसबाईंनी सांगितले तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. इतिहास लिहिणे हे विद्वानांचे काम. मी पडले साधी गृहिणी. पण त्यांनी आग्रह सोडला नाही. मग विचार केला, की गिरगावातले उत्सव, संस्था, नाटके आणि पुढारी यांच्याविषयी पुष्कळांनी लिहिले आहे. ज्या खोल्यांतून ही सारी माणसे बाहेर पडली, त्या खोल्या कोणाच्या नावावर होत्या, हे मात्र फारसे कोणी विचारलेले नाही. तेवढेच आज लिहिते.

मी १९६८ साली लग्न होऊन या गल्लीत आले. दहा बाय बाराची खोली, मागे तेवढ्याच रुंदीचे अरुंद स्वयंपाकघर, त्यात कोपऱ्यात मोरी. नळ आणि संडास मजल्याचे. माणसे सात. अंथरुणे घातली की दार उघडता येत नसे. तरीही माहेरच्या बायका मला भाग्यवान म्हणत, कारण मला मुंबईत ‘जागा’ होती.

याचे कारण इतिहासात आहे. मुंबईला गिरण्यांसाठी आणि गोदीसाठी हात हवे होते, कुटुंबे नको होती. कोकणातून व घाटावरून पुरुष एकटे येत, गाळ्यात पाळीपाळीने झोपत आणि खाणावळीत जेवत. बायको गावी शेत आणि सासूसासरे सांभाळी. ज्याला खोली मिळाली त्यानेच ‘बिऱ्हाड केले’. म्हणजे शहरात बाईचे येणे हे खोलीवर अवलंबून होते. पण खोलीच्या कागदावर बाई कोठेच नव्हती.

१८९६ साली मांडवीत प्लेग निघाला आणि सरकारला या दाटीची प्रथमच खरी भीती वाटली. १८९८ साली सुधारणा ट्रस्ट स्थापन झाला. त्याने गल्ल्या फोडून रुंद रस्ते केले, दादर-माटुंग्याच्या नव्या वसाहती आखल्या. पण ज्यांची घरे पाडली, त्यांतील बहुतेक गरिबांना नवी परवडली नाहीत. ते शेजारच्या चाळीत जाऊन आणखी दाटीने राहिले. पुढे १९२० साली विकास खाते निघाले. त्याने वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे मिळून २०७ चाळी बांधल्या. एकेक खोली सुमारे १६० चौरस फुटांची. आपल्या शेजारी गावदेवीला १९१५ साली श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या पुढाकाराने सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली. आपल्या देशातल्या सहकारी घरांच्या आरंभीच्या प्रयत्नांपैकी तो एक. पण भागभांडवल भरण्याची ऐपत ज्यांना होती, त्यांनाच ती वाट मोकळी होती. बाकी सारे भाडेकरूच राहिले.

भाडेकरूला आधार दिला तो कायद्याने. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८ साली, भाड्यावर प्रथम नियंत्रण आले. नंतर १९४७ चा भाडेनियंत्रण कायदा झाला. त्याने १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे होते तेच ठरीव भाडे धरले आणि मालकाला मनास येईल तेव्हा भाडेकरूला काढता येईना. या कायद्यामुळे आपण सारे गिरगावात टिकलो, हे कृतज्ञतेने म्हटले पाहिजे. पण भाडे गोठले तशी पगडी वाढली. ती घेणे कायद्याने गुन्हा होता, म्हणून ती रोख दिली जाई आणि तिची पावती मिळत नसे. ज्या पैशाने जागा मिळाली त्याचा पुरावा नाही, आणि महिन्याच्या चौदा रुपयांची मात्र पावती आहे, असा तो उलटा व्यवहार होता.

आमच्या खोलीची पगडी १९४९ साली पंधराशे रुपये दिली. त्यातले बाराशे सासूबाईंच्या पाटल्या आणि गोठ मोडून आले. ही गोष्ट त्यांनी मला एकदाच सांगितली, पापड लाटता लाटता, आणि तीही तक्रार म्हणून नव्हे. पावती अर्थातच मामंजींच्या नावे झाली. दुसरे कोणाचे नाव घालावे असे कोणाच्या मनातही आले नसेल, सासूबाईंच्याही नाही.

त्या खोलीत बायकांनी काय काय केले नाही? शिकवण्या घेतल्या, शिलाई केली, डबे दिले, मसाले कुटले. १९५९ साली याच गिरगावात सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन इमारतीच्या गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली. त्यातून लिज्जत पापडाचा केवढा वृक्ष झाला ते आपण जाणतोच. घर हे आमचे कारखाना, शाळा आणि दुकानही होते. प्रपंचाला हातभार लागला म्हणून कौतुक झाले. पण त्या हातभारातून भाडे भरले तरी पावतीवरचे नाव बदलले नाही.

१९७४ साली मामंजी वारले. मालकाचा मेहता भाडे न्यायला आला तेव्हा यजमानांनी नाव बदलायचा विषय काढला. तो म्हणाला, “कशाला खर्चात पडता? पावती आहे तशी चालू द्या.” पावती दिवंगत माणसाच्या नावाने फाडली जाऊ लागली. १९८९ साली यजमान गेले. महिन्याभराने मीच मेहत्याला म्हटले, आता माझे नाव घाला. तो हसून म्हणाला, “बाई, तुम्हाला इथून कोण उठवतोय?” मला ते उत्तर पटले. आज त्या पटण्याचा मला राग येतो.

कोणी उठवत नाही, तोवर नावाची गरज भासत नाही, हेच खरे. १९६९ साली जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचा कायदा झाला. शहरातल्या १९ हजारांहून अधिक इमारती उपकराखाली आल्या आणि आपली चाळही त्यांत होती. दुरुस्तीचे टेकू लागले, पण वाशांनी किती दिवस धरावे! १९९१ च्या विकास नियमावलीने अशा इमारती पाडून नव्या बांधायला वाट दिली आणि प्रत्येक भाडेकरूला किमान २२५ चौरस फुटांचे मालकीचे घर ठरवले. पुढे ती मर्यादा ३०० फुटांवर गेली. चौदा रुपयांची खोली एकाएकी लाखोंची झाली, आणि मग नाव कोणाचे, हा प्रश्न घरोघर उभा राहिला.

आमच्याकडे २००६ साली यादी लागली. यादीत मामंजींचे नाव होते आणि पुढे कंस करून ‘मयत’. आठ दिवसांत धाकट्या भावोजींचे पत्र आले की, वडिलांच्या जागेत आपलाही निम्मा हिस्सा आहे. भावोजी १९६९ सालीच ठाण्याला स्वतंत्र बिऱ्हाड करून गेले होते. ते काही दुष्ट नव्हेत. त्यांचीही मुलगी लग्नाची होती. पण दोन वर्षे ते गणपतीला आले नाहीत, आणि ज्या जावेबरोबर मी बाळंतपणे काढली ती रस्त्यात दिसली तरी मान वळवू लागली.

तेव्हा मला प्रथम कायदा कळला. भाडेकरू वारला त्या वेळी कुटुंबातले जे माणूस त्याच्याबरोबर राहत असेल, त्याच्याकडे भाडेहक्क जातो, अशी तरतूद १९४७ च्या कायद्यात होती आणि १९९९ च्या नव्या भाडे कायद्यातही आहे. मग मी राहत होते याचा पुरावा गोळा करणे आले. जुने शिधापत्रक, विजेची बिले, मतदारयादी, मुलांचे शाळेचे दाखले. सासूबाईंच्या ट्रंकेत तळाशी सोनाराची एक पिवळी पडलेली चिठ्ठी निघाली. चार पाटल्या, दोन गोठ, वजन, १९४९. कायद्याच्या दृष्टीने तिला किंमत नव्हती. मी ती घेऊन ठाण्याला गेले. भावोजींनी ती दोनदा वाचली आणि म्हणाले, “हे आईने मला कधी सांगितले नाही.” त्या दिवशी त्यांनी सही केली नाही. चार महिन्यांनी केली. आणि मीही पुतणीच्या लग्नात माझ्याकडून जमेल ते केले. संबंध जुळले, पण पूर्वीसारखे नाही. वेळेवर एक नाव घातले असते तर एवढे झाले नसते.

भगिनींनो, कायदा आपल्यामागे नाही असे आता म्हणता येणार नाही. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने हिंदू स्त्रीला तिच्या मालमत्तेची पूर्ण मालकी दिली. त्यापूर्वी विधवेचा हक्क हयातीपुरता असे. मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांबरोबरीचा हक्क महाराष्ट्राने १९९४ साली दिला आणि २००५ साली तो देशभर झाला. २०२१ पासून घर केवळ स्त्रीच्या नावे घेतल्यास आपल्या राज्यात मुद्रांकशुल्कात एक टक्का सवलत मिळू लागली. माझ्या नातीने २०२२ साली डोंबिवलीला घर घेतले ते त्या सवलतीत, स्वतःच्या पगारावर कर्ज काढून. करारनामा वाचायला तिने मला बोलावले. चटई क्षेत्र किती, ताबा केव्हा, हे तिने पाहिले होतेच. मी फक्त नाव पाहिले.

पण कायदा कागदावर असतो आणि कागद ट्रंकेत असतो. म्हणून या वर्धापनदिनी माझी एक विनंती आहे. घरी गेल्यावर ट्रंक उघडा. भाडेपावतीवर कोणाचे नाव आहे ते वाचा. स्वतःचे घर असेल तर करारनामा आणि भागदाखला पाहा. संस्थेच्या सभेत मत देण्याचा पहिला मान दाखल्यावरील पहिल्या नावाचा असतो, हेही ध्यानात ठेवा. नामनिर्देशन केले म्हणजे वारसा ठरला असे नव्हे, त्यासाठी मृत्युपत्र वेगळे करावे लागते. विषय काढायला संकोच वाटेल. अशुभ बोलते, अविश्वास दाखवते, असेही कोणी म्हणेल. तो संकोच सर्व ठीक चालले असतानाच मोडावा. पुढे तो फार महाग पडतो.

आमच्या नव्या घराच्या दारावरच्या पाटीवर आज माझे नाव आहे. सासूबाईंचे कोठेच नाही. ते एकदा तरी कोठे छापले जावे म्हणून येथे लिहिते. त्यांचे नाव लक्ष्मीबाई.