मागच्या चाकांची गोष्ट

गेल्या दिवाळीच्या आदल्या आठवड्यात आमच्या गावाबाहेर, हमरस्त्याच्या कडेला, एका गॅरेजात मी उभा होतो. गॅरेजवाला माझा जुना विद्यार्थी. गणिताच्या तासाला तो खिडकीबाहेर पाहत बसे. त्याच्या नववीनंतर मीच त्याच्या वडिलांना सांगितले होते, "याच्या डोक्यात हिशेब शिरत नाही, याला एखाद्या धंद्याला लावा."

त्या संध्याकाळी त्याच्या दारात कांद्याने भरलेला एक ट्रक होता. मागच्या चाकाच्या आतल्या बाजूने तेल ओघळले होते. "रात्रीच गाडी सोड, सकाळचा बाजार गाठायचा आहे," असा मालकाचा हट्ट; आणि "सील बदलल्याशिवाय गाडी हलायची नाही," असा याचा.

मला पाहून म्हणाला, "गुरुजी, हे तेल ब्रेकच्या पट्ट्यांवर गेलं, तर कसारा घाटात गाडी थांबायची कशी?"

"अरे, पण चाकात तेल येतं कुठून?" मी विचारले. त्याने त्या रात्री जे दाखवले, आणि पुढे मी वाचून जे जमवले, ते दोन्ही वाचकांपुढे ठेवतो.

बैलगाडीचा आस सर्वांनी पाहिलेला असतो. तो गाडीला पक्का असतो आणि त्याच्या टोकांवर चाके मोकळी फिरतात. वंगण घातले, खीळ ठोकली, की काम झाले. वळणावर एक चाक भराभर फिरते, दुसरे सावकाश. दोघांत तंटा नाही. कारण ओढणारे बैल पुढे आहेत. चाकांनी फक्त भार वाहायचा.

वाफेचे यंत्र आले आणि बैल सुटले. आता गाडी ढकलायची ती चाकांनीच. त्यासाठी चाके फिरत्या आसाला जखडावी लागली, आणि जखडली की वळण घेता येईना. दोन चाकांत सहा फुटांचे अंतर धरा. गाडीने एक पूर्ण वर्तुळ घेतले, की बाहेरचे चाक आतल्यापेक्षा सुमारे ३८ फूट अधिक चालते; मग ते वर्तुळ अंगणाएवढे असो की तालुक्याएवढे. एकाच आसावर जखडलेल्या चाकांपैकी एकाने मग फरफटतच जायला हवे.

हे कोडे सोडवले ते घड्याळांत रमणाऱ्या एका फ्रेंच कारागिराने. ओनेसिफोर पेकर त्याचे नाव. १८२७-२८ च्या सुमारास त्याने वाफेच्या गाडीसाठी आपल्या युक्तीचे पेटंट घेतले. आस मधोमध तोडायचा. दोन्ही अर्ध्या आसांच्या टोकांना दातेरी चाके बसवायची. त्यांच्यामध्ये लहान दातेरी चाके एका पिंजऱ्यात धरायची, आणि फिरवायचा तो पिंजरा. सरळ रस्त्यावर सारे एकसंध फिरते. वळणावर आतले चाक जेवढे मागे राहते, तेवढेच बाहेरचे पुढे जाते. जोर दोघांना सारखा, चाल ज्याची त्याला. हेच डिफरन्शियल.

इंग्लंडात कॉव्हेंट्रीच्या जेम्स स्टार्लीने दोघांनी शेजारी बसून चालवायची सायकल केली होती. एकाने एका बाजूचे चाक हाकायचे, दुसऱ्याने दुसऱ्या बाजूचे. तो मुलाबरोबर फेरफटक्याला निघाला. मुलगा तरुण, पायांत जोर. गाडी बापाच्या बाजूला वळत वळत रस्त्याखाली गेली, अशी कथा सांगतात. १८७७ साली स्टार्लीने सायकलीत डिफरन्शियल बसवले आणि दोघांचे कमीअधिक बळ एकत्र होऊन दोन्ही चाकांना सारखे वाटले जाऊ लागले. संसाराचा गाडा हाकणाऱ्यांनी ही गोष्ट जरूर ध्यानात ठेवावी!

पहिली मालमोटार १८९६ साली जर्मनीत डाइमलरच्या कारखान्यात झाली. चार अश्वशक्तीची ती गाडी दीड टन माल नेई. पुढे कित्येक वर्षे जड गाड्यांची मागची चाके उघड्या साखळ्यांनी फिरत. धूळ-चिखल खाऊन साखळ्या झिजत. लुई रेनोने १८९८ साली आपल्या छोट्या मोटारीत साखळीऐवजी फिरता दांडा वापरला. पण जड गाड्यांत साखळी बराच काळ टिकली. पहिल्या महायुद्धातले अमेरिकेचे मॅक ट्रकसुद्धा साखळीवरच चालत. पुढे सारे एका पोलादी कवचात, तेलात बुडून बसले. भारतात १९५४ साली जमशेदपूरला टेल्कोने डेमलर-बेंझच्या सहकार्याने ट्रक बांधायला घेतले, तोवर ही घडण रुळलेली होती.

मला नवल वाटले ते याचे, की जड ट्रकमध्ये भार या कवचावरच असतो. चाके त्याच्या टोकांवर बेअरिंगवर फिरतात. आतला अर्धा आस फक्त फिरवण्याचे काम करतो. तो मोडला तरी चाक निखळत नाही; हबवरचे नट काढून तो सळईसारखा बाहेर ओढता येतो. म्हणजे बैलगाडीचा न फिरणारा आस गेलेला नाही. पोकळ होऊन त्याने फिरणाऱ्या आसाला पोटात घेतले आहे.

शेजारी दुसऱ्या गाडीचा उघडलेला आस होता. दांड्याचा छोटा पिनियन मोठ्या क्राऊनला फिरवतो. दातांवर शेंदूर तेलात कालवून लावला होता. फिरवून पाहिले, की दात कोठे टेकतात ते उमटते. खूण दाताच्या कडेला गेली, तर पत्र्याच्या पातळ चकत्या घालून पिनियन सरकवतात. क्राऊन-पिनियन जोडीने घासून बसवलेले असतात; एक खराब झाला तर दोन्ही बदलावे लागतात. तेल गाडी गरम असताना काढायचे, त्यात लोखंडाचा कीस दिसतो का पाहायचे, आणि नवे तेल भरण्याच्या भोकाच्या काठापर्यंत घालायचे. कवचाला श्वासासाठी एक बारीक नळी असते. ती धुळीने बुजली, की आत तापलेली हवा तेलाला सीलबाहेर ढकलते. त्या ट्रकचे दुखणे हेच होते.

रात्री अकराला नवे सील आणि नव्या पट्ट्या बसल्या. मालक कुरकुरत पैसे देऊन गेला. ड्रायव्हर मात्र त्याचा हात दोन्ही हातांत धरून म्हणाला, "भाऊ, पोरं घरी वाट बघतात माझी."

गाडी गेल्यावर मी सहज विचारले, "अरे, चाकाच्या एका फेरीला त्या दांड्याच्या फेऱ्या किती?"

"पिनियनला सहा दाते, क्राऊनला एकेचाळीस," हात पुसत तो म्हणाला. "सहा पूर्णांक पाच षष्ठांश, गुरुजी."

त्याच्या वडिलांना मी दिलेला सल्ला बरोबर ठरला. दिलेले कारण मात्र साफ चुकीचे होते.