शर्यतीची मोटार आणि कठड्याबाहेरचा प्रेक्षक

मोटारींच्या शर्यतींचा इतिहास म्हणजे बहुधा यंत्रांचा व चालकांचा इतिहास असतो. शर्यत पाहावयास आलेला मनुष्य त्यात क्वचितच आढळतो, आणि आढळतो तो मृतांच्या आकड्यात. ११ जून १९५५ रोजी फ्रान्समधील ल मां येथे एक भरधाव मोटार दुसरीवर आदळून गर्दीच्या बाजूस फेकली गेली आणि ऐंशीहून अधिक प्रेक्षक प्राणास मुकले. त्यानंतर स्वित्झर्लंडने वर्तुळाकार मार्गावरील शर्यतींवर जी बंदी घातली ती कित्येक दशके टिकली.

त्याच सुमारास अमेरिकेत एक निराळी शर्यत मूळ धरीत होती. दोन मोटारी शेजारी शेजारी उभ्या करावयाच्या आणि सरळ रेषेत पाव मैल, म्हणजे सुमारे ४०२ मीटर, सोडावयाच्या. हीच ड्रॅग शर्यत. प्रारंभी ती कॅलिफोर्नियातील कोरड्या सरोवरांच्या तळावर आणि रात्रीच्या वेळी चक्क गावच्या रस्त्यांवर चाले. १९५० साली सँटा आना येथील विमानतळावर तिला हक्काची जागा मिळाली व १९५१ मध्ये वॉली पार्क्स यांनी राष्ट्रीय संघटना उभारली. पोरांना रस्त्यावरून उठवून धावपट्टीवर आणावे, हा त्यांचा हेतू. आपल्याकडेही लोणावळ्याजवळील ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर अशा शर्यती झाल्या आहेत. पण धावपट्टीवर आणल्याने सारे काही साधले असे नव्हे. २ मार्च १९६९ रोजी जॉर्जिया राज्यात कव्हिंग्टनजवळ एक मोटार गर्दीत घुसली आणि दहाहून अधिक प्रेक्षक मारले गेले. त्यांच्या रक्षणास होते ते जाळीचे साधे कुंपण.

या शर्यतीतूनच ‘बर्नआउट’ नावाचा प्रकार निघाला. शर्यतीपूर्वी मागची चाके ओल्या जमिनीवर जागच्या जागी वेगाने फिरवावयाची, म्हणजे टायर तापतात, रबर मऊ होते आणि पकड वाढते. हे मूळचे निव्वळ तयारीचे काम. परंतु पांढऱ्या धुराचे लोट आणि इंजिनाची गर्जना लोकांना इतकी आवडली की शर्यत नसलेल्या मोटारमेळ्यांतही तो एक स्वतंत्र खेळ झाला. पाहणाऱ्यास वाटते, मोटार फार दूर जात नाही, मग भय कसले? वस्तुतः गफलत येथेच होते. चाक घसरत असते तोवर जमिनीची पकड अगदी अल्प असते. मोटारीचे शेपूट किंचित वळले आणि टायरने अकस्मात पकड घेतली, तर ती सारी शक्ती, तोंड ज्या दिशेला असेल त्या दिशेला सुटते. गर्दी तर नेमकी दोन्ही बाजूंना उभी असते!

१६ जून २००७ रोजी टेनेसी राज्यातील सेल्मर या लहानशा गावी हेच घडले. मुलांच्या साहाय्यार्थ निधी जमविणारा तो मोटारमेळा होता. संध्याकाळी एका शर्यतीच्या मोटारीने हमरस्त्यावर बर्नआउट करून दाखविला. मोटार हेलकावली, रस्ता सोडून गर्दीत शिरली आणि सहा तरुण जीव गेले. वीसहून अधिक माणसे जखमी झाली. रस्त्याच्या काही भागाला लोखंडी कठडा होता. पुढे तो संपत होता आणि माणसे मात्र संपत नव्हती. चालक वाचला. त्याच्याभोवती पोलादी पिंजरा होता, अंगावर पट्टे होते. त्याच्या सुरक्षिततेचे नियम दशकानुदशके घडत आले होते. हमरस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या पोरांसाठी मात्र त्या संध्याकाळी काहीच नव्हते.

नियमबद्ध मैदानावर काँक्रीटची भिंत असते, तिच्यावर जाळी असते आणि प्रेक्षकांचे मंच मागे असतात. तरीही २१ फेब्रुवारी २०१० रोजी ॲरिझोनातील फिनिक्स शहराजवळच्या एका मैदानावर धावत्या मोटारीचे चाक निखळले आणि उसळ्या घेत प्रेक्षकांपर्यंत पोहोचले. त्यात एका स्त्रीचा मृत्यू झाला. भिंत मोटारीला अडविते. हवेत उडालेल्या चाकाशी तिचा काही संबंध नसतो. त्याला अडविण्यास अंतरच लागते, आणि अंतर वाढविले की मागच्या रांगेतल्या माणसाला धूर दिसतो, मोटार दिसत नाही. तिकीट विकणाऱ्यांची अडचण तेथेच सुरू होते.