मजुरीचं कापड आणि स्वतःची गोष्ट: 'अ‍ॅनिमॅट्रिक्स'पासून 'बँडिट्स ऑफ गोलक'पर्यंत

"विषय आहे, पण प्रश्न सापडत नाही." पेट किंवा नेट पास होऊन आराखडा लिहायला बसलेल्या जवळपास प्रत्येकाचं हे दुखणं आहे. 'भारतीय अ‍ॅनिमेशनचा इतिहास' हा विषय झाला. तो शंभर जणांनी घेतला तरी संपणार नाही, आणि म्हणूनच त्यावर एकालाही धड प्रबंध लिहिता येणार नाही. आज एक छोटा, मजेशीर विषय घेऊ आणि त्यातून प्रश्न कसा निघतो ते टप्प्याटप्प्याने पाहू. विषय असा: एखाद्या गाजलेल्या सिनेमाच्या विश्वात घडणाऱ्या अ‍ॅनिमेटेड विज्ञानकथांचा संग्रह.

आधी वस्तू नीट ओळखू

'द मॅट्रिक्स' १९९९ साली आला. त्याचा पुढचा भाग 'रीलोडेड' मे २००३ मध्ये आला आणि त्याच सुमारास 'द अ‍ॅनिमॅट्रिक्स' नावाचा नऊ लघुपटांचा संग्रहही. नऊपैकी चार कथा मूळ सिनेमाच्या वाचोव्स्की भावंडांनी लिहिल्या होत्या. बहुतेक लघुपटांचे दिग्दर्शक जपानी होते: माहिरो माएदा, शिनिचिरो वातानाबे, योशिआकी कावाजिरी, ताकेशी कोइके, कोजी मोरिमोतो.

हा नुसता जोडधंदा नव्हता. 'फायनल फ्लाइट ऑफ द ओसिरिस' या लघुपटात एका जहाजाचे लोक जीव धोक्यात घालून एक निरोप पाठवतात, आणि 'रीलोडेड'ची गोष्ट त्याच निरोपापासून पुढे सरकते. 'द सेकंड रेनेसान्स'च्या दोन भागांत माणूस आणि यंत्र यांच्यातलं युद्ध मुळात का पेटलं ते कळतं. मोठ्या सिनेमाने फक्त उल्लेख करून सोडलेला इतिहास इथे सांगितला गेला.

पण हा प्रकार 'अ‍ॅनिमॅट्रिक्स'ने शोधून काढला असं लिहू नका. जपानमध्ये वेगवेगळ्या दिग्दर्शकांचे लघुपट एका माळेत ओवायची पद्धत आधीपासून होती. 'रोबोट कार्निव्हल' १९८७ चा, 'मेमरीज' १९९५ चा. मोरिमोतो या दोन्हींत होते. म्हणजे साचा जुना होता. नवी होती ती दुसऱ्याच्या सिनेमाच्या विश्वाशी घातलेली गाठ. 'जुनं काय आणि नवं काय' हे वेगळं काढणं ही इतिहासलेखनाची पहिली पायरी. आपण विज्ञानवाले प्रयोगात एक चल स्थिर ठेवून दुसरा बदलतो, साधारण तसंच.

त्यानंतर या वाटेने 'बॅटमॅन: गॉथम नाइट' (२००८) आणि 'हेलो लेजंड्स' (२०१०) आले. पुढे सप्टेंबर २०२१ मध्ये 'स्टार वॉर्स: व्हिजन्स' आलं. त्याच्या पहिल्या खंडातले नऊही लघुपट जपानी स्टुडिओंचे होते. दुसरा खंड ४ मे २०२३ ला आला आणि त्यात मात्र स्पेन, आयर्लंड, चिली, ब्रिटन, दक्षिण कोरिया, फ्रान्स, जपान, दक्षिण आफ्रिका आणि भारत इथले स्टुडिओ होते. भारताचा स्टुडिओ होता मुंबईचा '८८ पिक्चर्स', लघुपट 'द बँडिट्स ऑफ गोलक', दिग्दर्शक ईशान शुक्ला.

गोष्ट सोपी आहे. चारुक आणि त्याची धाकटी बहीण राणी साम्राज्याच्या माणसांपासून पळताहेत. राणीमध्ये 'फोर्स' आहे, म्हणून ती धोक्यात आहे. आधी रेल्वेचा प्रवास, मग एका ढाब्यावर आसरा. हो, स्टार वॉर्समध्ये ढाबा! आपला प्रश्न याच ढाब्यापासून सुरू होतो.

भिवंडीतून बघितलं तर

मी भिवंडीची. आमच्याकडे यंत्रमागाचा धंदा कसा चालतो ते थोडक्यात सांगते, कारण पुढे ते लागणार आहे. बरेच मागवाले स्वतः सूत विकत घेत नाहीत. व्यापारी सूत देतो, कापडाचा दर्जा ठरवून देतो, मागवाला विणून देतो आणि पिकांच्या हिशोबाने मजुरी घेतो. तयार झालेलं ग्रे कापड व्यापाऱ्याचं. ते पुढे रंगतं, छापलं जातं, त्यावर कुणाचं तरी नाव चढतं. ते नाव विणणाऱ्याचं नसतं. याला सगळे 'जॉबवर्क' म्हणतात.

भारतातल्या अ‍ॅनिमेशनचा मोठा भाग १९९० च्या दशकापासून याच पद्धतीवर वाढला. कथा, पटकथा, पात्रांची रेखाटनं, स्टोरीबोर्ड परदेशात व्हायचं. मॉडेल बनवणं, त्याला हाडं-सांधे बसवणं, हालचाल, प्रकाश, दृश्यांची जुळणी ही मेहनतीची कामं इथे. मग आवाज, संगीत, संकलन पुन्हा तिकडे. ८८ पिक्चर्सनेही ड्रीमवर्क्सच्या 'ट्रोलहंटर्स'सारख्या मालिकांवर काम केलेलं आहे.

या व्यवस्थेचा कच्चा दुवा २०१३ साली सगळ्या जगाला दिसला. 'लाइफ ऑफ पाय'मधला वाघ उभा करणाऱ्या 'ऱ्हिदम अँड ह्यूज' कंपनीला २४ फेब्रुवारीला ऑस्कर मिळालं. त्याच्या जेमतेम दोन आठवडे आधी कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला होता. या कंपनीच्या मुंबई आणि हैदराबादच्या शाखांमध्येही कलाकार काम करत होते. सिनेमा जगभर चालला तरी त्याची कमाई वाघ रंगवणाऱ्यांच्या कंपनीकडे वळत नव्हती, कारण सिनेमा तिचा नव्हता.

'पहिला' या शब्दापासून सांभाळा

इथवर आल्यावर मोह होतो: 'मजुरी करणारा भारत अखेर पहिल्यांदा स्वतःची गोष्ट सांगू लागला.' वाक्य छान आहे, पण इतिहासात बसत नाही.

दादासाहेब फाळके यांनी 'राजा हरिश्चंद्र'च्या (१९१३) आधी वाटाण्याच्या रोपाची वाढ कॅमेऱ्यात टिपली. ठरावीक अंतराने थोडं थोडं चित्रण करून कित्येक दिवसांची वाढ क्षणांत दाखवली. १९१५ साली त्यांनी 'आगकाड्यांची मौज' केला, त्यात काड्या हलत होत्या. आता यातलं 'अ‍ॅनिमेशन' कोणतं? रोप स्वतःच वाढतंय, काड्या मात्र माणूस हलवतोय. व्याख्या बदलली की 'पहिला' बदलतो. आधी व्याख्या लिहा, मग क्रमांक लावा.

पुढे फिल्म्स डिव्हिजनने १९५०च्या दशकात मुंबईत कार्टून विभाग उभा केला. डिस्नी स्टुडिओत काम केलेले क्लेअर वीक्स इथल्या चित्रकारांना शिकवायला आले आणि त्यातून १९५७ चा 'द बनियन डिअर' झाला. गोष्ट जातकातली. राम मोहन याच विभागात घडले. १९७४ चा विजया मुळे यांचा 'एक अनेक और एकता' तर दूरदर्शन बघून मोठ्या झालेल्या पिढीला तोंडपाठ आहे. १९९२ मध्ये युगो साको, कोइची सासाकी आणि राम मोहन यांचा भारत-जपान सहनिर्मितीचा 'रामायण: द लेजंड ऑफ प्रिन्स राम' झाला.

म्हणजे स्वतःच्या गोष्टी मजुरीच्या काळाआधीही होत्याच. फरक पैसा कुणाचा यात होता. आधी सरकार पैसे देत होतं, विषय शिक्षणाचा किंवा प्रबोधनाचा असायचा. मग परदेशी कंपन्या पैसे देऊ लागल्या आणि गोष्ट त्यांची झाली. काळाचे टप्पे पाडताना तारखेपेक्षा 'पैसे कोण देतंय' हा निकष जास्त कामाला येतो. हे टप्पे एकमेकांवर चढतात, तेही आराखड्यात नोंदवा.

आता गृहीतक मांडू

पहिलं गृहीतक: ज्याच्याकडून उसनं घेतलं, त्यालाच संग्रहासाठी बोलावलं जातं. 'मॅट्रिक्स'वर १९९५ च्या 'घोस्ट इन द शेल' या जपानी अ‍ॅनिमेचा प्रभाव आहे, आणि 'अ‍ॅनिमॅट्रिक्स' जपानी दिग्दर्शकांकडे गेला. स्टार वॉर्सने अकिरा कुरोसावांच्या 'द हिडन फोर्ट्रेस'कडून (१९५८) बरंच घेतलं, आणि 'व्हिजन्स'चा पहिला खंड जपानकडे गेला. दोन्ही उदाहरणं बसतात. पण दुसरा खंड बसत नाही. स्टार वॉर्स चिली किंवा भारताचं तसं देणं लागत नाही.

दुसरं गृहीतक: वर्षानुवर्षं मजुरीचं काम करून ज्यांनी हात तयार केला, त्यांना शेवटी गोष्ट सांगायला मिळते. कोरियाचा स्टुडिओ मीर या चौकटीत बसतो, त्याने अमेरिकी 'लेजंड ऑफ कोरा'चं काम केलं होतं. ८८ पिक्चर्सही बसतो. पण ब्रिटनचा आर्डमन आणि आयर्लंडचा कार्टून सलून आपल्याच पात्रांसाठी प्रसिद्ध आहेत. चिलीच्या पंकरोबोटने तर 'बेअर स्टोरी' या स्वतःच्या लघुपटासाठी २०१६ मध्ये ऑस्कर घेतलं होतं. म्हणजे एकाच संग्रहात दोन वाटांनी आलेले लोक आहेत. हे गृहीतक अर्धं टिकतं.

आता भारताचं उदाहरण आणखी जवळून बघू. स्टुडिओ मजुरीच्या वाटेने आला, पण दिग्दर्शक? ईशान शुक्लांनी २०१६ मध्ये 'शिर्कोआ' हा स्वतःचा लघुपट केला होता, ज्यात सगळी माणसं डोक्यावर कागदी पिशवी घालून जगतात. त्यावरूनच पुढे त्यांचा पूर्ण लांबीचा चित्रपट झाला, तो २०२४ मध्ये रॉटरडॅमच्या महोत्सवात दाखवला गेला. तेव्हा सुधारलेलं गृहीतक असं होईल: कौशल्य मजुरीतून आलं, पण गोष्ट सांगण्याचा अधिकार कुणीही न मागितलेल्या, स्वतःच्या जोरावर केलेल्या एका लघुपटातून आला. एका उदाहरणावर हे सिद्ध होत नाही. पण तपासता येईल असं ते नक्की आहे, आणि आराखड्याला तेवढंच लागतं.

मजुरी, नाव आणि मालकी

यातला सगळ्यात महत्त्वाचा फरक इथे आहे. या तीन गोष्टी आपण नेहमी एकत्र करून टाकतो. साध्या जॉबवर्कमध्ये फक्त मजुरी मिळते. 'बँडिट्स ऑफ गोलक'मध्ये मजुरीबरोबर नावही मिळालं: गोष्ट कुणाची, दिग्दर्शन कुणाचं, हे ठळक दिसतं. मालकी मात्र लुकासफिल्मकडे, म्हणजे डिस्नीकडे. स्टार वॉर्सच्या विश्वात ढाबा उघडता आला, पण जमीन मालकाची.

मग मालकी आपली असेल तेव्हा काय होतं? 'क्रिश' सिनेमांवरून २०१३ मध्ये कार्टून नेटवर्कवर 'किड क्रिश' आला. तेलुगू 'कल्की २८९८ एडी' जून २०२४ मध्ये प्रदर्शित झाला, त्याआधी मे महिन्यात त्याच्या विश्वातली 'बुज्जी अँड भैरव' ही छोटी अ‍ॅनिमेटेड मालिका आली. दोन्हीकडे विश्व भारतीय निर्मात्यांचं. पण हे संग्रह नाहीत. नऊ दिग्दर्शकांना नऊ वेगळ्या शैलींत तेच विश्व सांगू देणं हा धोका इथे पत्करलेला नाही. म्हणजे एकीकडे शैलीचं स्वातंत्र्य आहे पण मालकी नाही, आणि दुसरीकडे मालकी आहे पण शैली एकच. या दोन टोकांमधली रिकामी जागा हीच तुमची संशोधनाची फट.

तुम्ही हे काम कुठे सुरू कराल?

लघुपटाच्या शेवटी धावणारी श्रेयनामावली हा तुमचा प्राथमिक पुरावा. ती थांबवून, वहीत उतरवून घ्या: कुठलं काम कुठल्या शहरात झालं, कोणत्या पदावर कोण. 'ट्रोलहंटर्स'ची आणि 'बँडिट्स ऑफ गोलक'ची नामावली शेजारी ठेवलीत तर मजुरीतून नावाकडे झालेला प्रवास पदांच्या यादीतच दिसू लागेल. जुन्या काळासाठी पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आणि मुंबईत पेडर रोडचं भारतीय सिनेमाचं राष्ट्रीय संग्रहालय ही दोन दारं आधी ठोठवा. फिल्म्स डिव्हिजन २०२२ मध्ये एनएफडीसीत विलीन झालं आहे, त्यामुळे पत्रव्यवहार जुन्या नावाने करू नका.

मराठीतून काम करणाऱ्यांसाठी एक जोडप्रश्न. वेगवेगळ्या लेखकांच्या विज्ञानकथा एका बांधणीत, ही गोष्ट आपल्याला नवी नाही. दिवाळी अंक तेच करतात. मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेला १९७४ मध्ये जयंत नारळीकरांनी 'कृष्णविवर' ही कथा टोपणनावाने पाठवली होती, हे तुम्ही ऐकलं असेलच. तिथे गोष्ट, नाव आणि मालकी तिन्ही मराठी लेखकाकडे होती. अशा कथांचे हक्क आज कुणाकडे आहेत आणि त्या पडद्यावर आणायला कुणाकुणाची परवानगी लागेल? या प्रश्नाचं उत्तर ग्रंथालयात बसून आणि वारसांना, प्रकाशकांना पत्रं लिहून मिळू शकतं. पूर्वीच्या एखाद्या एम.फिल.च्या आकाराचं काम आहे आणि खर्च फक्त टपालाचा.

तेव्हा आराखड्यात 'भारतीय अ‍ॅनिमेशनचा इतिहास' खोडा. त्याजागी लिहा: '२००० नंतर मुंबईतल्या अ‍ॅनिमेशन स्टुडिओंमध्ये मजुरी, श्रेय आणि मालकी यांचं वाटप कसं बदललं?' हे वाक्य मार्गदर्शकांसमोर ठेवा. ते पहिला प्रश्न 'पुरावा कुठून आणणार?' हाच विचारतील, आणि उतरवून घेतलेल्या नामावलीची वही तेव्हा तुमच्या हातात असेल.