आखूडशिंगी, बहुदुधी कॅमेरा

आखूडशिंगी, बहुदुधी आणि वर स्वभावाने गरीब अशी गाय बाजारात कोणाला मिळाल्याचे मी तरी अद्याप ऐकलेले नाही. पण तशा गाईच्या शोधात निघालेली माणसे मात्र पुष्कळ पाहिली आहेत. आज ही माणसे गुरांच्या बाजारात न जाता कॅमेऱ्याच्या दुकानात जातात. कॅमेरा सदऱ्याच्या खिशात मावला पाहिजे, फोटो मात्र लग्नातला फोटोग्राफर गळ्यात अडकवतो त्या धुडासारखा निघाला पाहिजे, लक्ष्मीपूजनाच्या रात्री पणत्यांच्या उजेडात तो चालला पाहिजे, लांबचे जवळ आणता आले पाहिजे, आणि पैसे? ते फारसे पडता कामा नयेत! दुकानदार बिचारा सारे मुकाट्याने ऐकून घेतो आणि जो माल फळीवर पडून आहे तोच पुढे सरकवतो.

मागणी हसण्यासारखी खरी. पण लहान कॅमेऱ्याचा सारा इतिहास असल्याच हटवादी माणसांनी घडवला आहे. फरक इतकाच की, कोणत्या गोष्टीवाचून आपले अडते आणि कोणत्या गोष्टीवाचून मुळीच अडत नाही, याचा निवाडा त्यांनी आधी केला होता.

त्यांतला पहिला माणूस दमेकरी होता. ऑस्कर बार्नाक त्याचे नाव. १८७९ साली जर्मनीतल्या लिनो नावाच्या खेड्यात तो जन्मला, यंत्रकाम शिकला आणि येना येथे झाइसच्या कारखान्यात नोकरीला लागला. फोटो काढण्याचा त्याला मोठा नाद. सुट्टी मिळाली की हा थुरिंगियाच्या रानात, डोंगरात भटकायला निघे. पण त्या काळी फोटो काढायला निघणे म्हणजे बिऱ्हाड पाठीवर घेऊन निघणेच होते. त्याचा कॅमेरा १३ गुणिले १८ सेंटिमीटरच्या काचांवर फोटो घेई. काचांच्या दुहेरी चौकटी सहा, म्हणजे फोटो बारा. त्या सगळ्यांना पुरेल अशी फिरत्या विक्रेत्यासारखी चामडी पेटी, आणि हे सारे उचलून चढण चढायची ती दम्याने धापा टाकत. डोंगरमाथ्यावर पोचेपर्यंत फोटो घेण्याची हौस बहुधा निम्मी उरत असेल! काच लहान केली तर ओझे कमी होईल, हा विचार त्याच्या डोक्यात १९०५ च्या सुमारास आला. एकाच मोठ्या काचेवर पंधरा-वीस बारीक फोटो घेण्याचा खटाटोपही त्याने करून पाहिला. पण ते मोठे करायला जावे तो काचेवरच्या लेपाचे कण रव्यासारखे फुटून दिसू लागले. प्रयोग तिथेच थांबला.

१९११ साली तो वेट्झलर गावी एर्न्स्ट लाइट्झ यांच्या सूक्ष्मदर्शकांच्या कारखान्यात आला. तिथे त्याच्या हाती सिनेमाची फिल्म आली. पस्तीस मिलिमीटर रुंदीची, दोन्ही कडांना भोके असलेली ही पट्टी त्याला हवी तशी होती: हलकी, न फुटणारी, आणि एका गुंडाळीत पुष्कळ फोटो मावणारी. सिनेमातले चित्र १८ गुणिले २४ मिलिमीटरचे असे. बार्नाकने फिल्म आडवी सरकवली, तशी दोन चित्रांची जागा मिळून २४ गुणिले ३६ मिलिमीटरची चौकट झाली. आज शंभर वर्षांनंतरही मोठ्या डिजिटल कॅमेऱ्यांत ‘फुल फ्रेम’ म्हणून जे माप मिरवते ते हेच. १९१३-१४ च्या सुमारास त्याने धातूचा एक कॅमेरा स्वतःसाठी बनवला. सहज खिशात जाईल एवढाच तो होता.

येथे वाचकांनी एक हिशेब लक्षात ठेवावा. जुन्या काचेच्या मानाने ही नवी चौकट सत्तावीस पट लहान होती. चित्राचा एवढा ऐवज त्याने डोळ्यांदेखत सोडून दिला. बदल्यात काय मिळवले, तर कॅमेरा जवळ असणे. १९१४ च्या ऑगस्टात महायुद्धाला तोंड लागले, सैन्यभरतीचा हुकूम निघाला, तेव्हा वेट्झलरच्या रस्त्यातले दृश्य त्याने टिपले. १९२० साली नदीचे पाणी गावात शिरले तेव्हा तेही टिपले. पेटी आणि तिवई घ्यायला घरी गेला असता तर परत येईपर्यंत रस्ता रिकामा झाला असता.

मधली वर्षे लढाईत आणि मग जर्मनीतल्या भयंकर महागाईत गेली. १९२३ च्या सुमारास नमुन्यादाखल थोडे कॅमेरे करून जाणत्यांना दाखवले, तर त्यांची मते एकसारखी नव्हती. एवढ्याशा फिल्मवर गंभीर काम होईल यावर पुष्कळांचा विश्वास बसेना. अखेर १९२४ साली, सल्लागारांत मतभेद असताना, धाकट्या एर्न्स्ट लाइट्झनी धोका पत्करायचे ठरवले आणि १९२५ च्या वसंतात लाइपझिगच्या जत्रेत ‘लायका’ लोकांपुढे आला. त्याचे भिंग माक्स बेरेक या गणिती माणसाने रचले होते. ते तितके तीक्ष्ण नसते तर बार्नाकचा सारा डाव फसता, कारण चित्र लहान घेतले की भिंगाची चूक मोठी होते.

या कॅमेऱ्याने पुढे जे घडवले त्याचा एक धागा आपल्याकडेही येतो. आंरी कार्तिए-ब्रेसाँ या फ्रेंच छायाचित्रकाराने १९३२ साली लायका घेतला आणि जन्मभर तो हातात ठेवला. ३० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीत तो महात्माजींना भेटला, आपली छायाचित्रे त्यांना दाखवली आणि निघाला. त्यानंतर थोड्याच वेळात गोळ्या झडल्या. पुढच्या शोकाकुल दिवसांची त्याने टिपलेली चित्रे जगभर गेली. त्याच दिल्लीत, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेल्या होमाई व्यारावाला ‘स्पीड ग्राफिक’सारखा जड कॅमेरा वागवीत वृत्तचित्रे घेत होत्या, आणि तीही तितकीच मोलाची आहेत. साडी नेसून, ते ओझे घेऊन गर्दीत उभे राहणे सोपे नव्हे. पण मोठी फिल्म वर्तमानपत्राच्या छपाईला सोयीची, तेव्हा त्यांच्या कामाला तो कॅमेरा योग्यच होता. दोघांपैकी कोणाचा चांगला, हा प्रश्नच मला गैरलागू वाटतो.

दुसऱ्या हटवाद्याची अडचण छातीची नव्हती, खिशाची होती. जपानच्या ओलिंपस कंपनीत १९५६ साली योशिहिसा माइतानी नावाचा तेविशीतला तरुण रुजू झाला. स्वतःजवळ लायका बाळगणारा हा मुलगा. म्हणजे चांगले भिंग काय करते हे त्याला ठाऊक होते. कंपनीचा स्वस्तातला स्वस्त कॅमेरा तेव्हा २३,००० येनांना पडे आणि शिकून नव्याने नोकरीला लागलेल्याचा पगार महिना १०,००० येनांच्या आसपास. कॅमेऱ्यासाठी दोन महिने उपाशी राहावे लागेल, हे गणित त्याला पटेना. त्याने ठरवले, कॅमेरा ६,००० येनांना पडला पाहिजे.

आता काटकसर करायची ती कोठे? आपल्याकडचा एखादा चतुर व्यापारी असता तर त्याने पहिला हात भिंगावरच मारला असता, कारण भिंगाची लबाडी फोटो धुऊन येईपर्यंत कळत नाही. माइतानीने नेमके उलटे केले. भिंग करणाऱ्याला त्याने सांगितले की, उत्तमच कर. आणि त्या भिंगानेच बहुतेक पैसे खाल्ल्यावर उरल्यासुरल्यात बाकीचा कॅमेरा बसवला. फिल्म पुढे सरकवण्याच्या तरफेला दंतचक्रे लागतात, म्हणून तरफ काढून मागे अंगठ्याने फिरवायचे एक चाक ठेवले. चित्रही निम्मे केले. बार्नाकने दुप्पट केलेली सिनेमाची चौकट याने परत १८ गुणिले २४ मिलिमीटरवर आणली. त्यामुळे छत्तीस फोटोंच्या फिल्मवर बहात्तर निघू लागले, आणि फिल्मचा खर्चही अर्ध्यावर आला. हे गृहस्थांच्या विशेष लक्षात यावे! असले खेळणे आम्ही बनवणार नाही, असे म्हणून कारखान्याच्या मुख्याने हात झटकले आणि प्रथम ते काम बाहेर द्यावे लागले. १९५९ च्या ऑक्टोबरात ‘ओलिंपस पेन’ बाजारात आला, तो ठरल्याप्रमाणे ६,००० येनांना. लेखणीसारखा खिशाला लावून न्यावा म्हणून नाव पेन. त्या घराण्याचे कॅमेरे पुढे दीड कोटीहून अधिक खपले. १९६१ च्या ‘पेन ईई’ला तर उजेडाचा अंदाज घेण्याचीही गरज उरली नाही, उजेड फारच कमी असला तर कळ दाबलीच जात नसे आणि आत लाल खूण दिसे.

हे कॅमेरे आपल्याकडे दुर्मीळ. आयातीवर कडक बंधने होती. आपल्या मध्यम स्थितीतल्या घरांत जो कॅमेरा शिरला तो बडोद्यात बनणारा ‘आग्फा क्लिक थ्री’. एका फिल्मवर बारा चौकोनी फोटो. काश्मीरची सहल आणि मुंज एकाच फिल्मवर भागवणारी घरे होती, आणि त्या बारा फोटोंपैकी एकही वाया घालवायचा नाही म्हणून सगळे कुटुंब श्वास रोखून उभे राही. जुन्या आल्बमातले आपले आजी-आजोबा इतके गंभीर का दिसतात, याचे निम्मे कारण तरी हेच असावे.

माइतानीचे समाधान मात्र झाले नव्हते. फोटो घ्यावा असा प्रसंग समोर येतो तेव्हा कॅमेरा घरी असतो, ही खंत उरलीच होती. त्या काळी कॅमेऱ्याला चामड्याचे घर असे आणि भिंगावर टोपण. घर उघडा, टोपण काढा, ते कुठेतरी ठेवा, मग विसरा. १९७९ साली त्याने ‘एक्सए’ काढला. साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत, घर नाही, टोपण नाही. पुढची झडप बाजूला सरकवली की भिंग उघडे. बार्नाकची पूर्ण चौकट याच्यात मावली होती. वजन पाव किलोच्या आत.

यानंतर फिल्मच गेली. १९७५ साली कोडॅकच्या स्टीव्हन सॅसन या तरुण इंजिनिअरने फिल्मवाचून चालणारा पहिला कॅमेरा जुळवला, त्याचे वजन साडेतीन किलोच्या पुढे आणि एक चित्र कॅसेटवर उतरायला तेवीस सेकंद. बार्नाकच्या पेटीची आठवण व्हावी! तो खिशात यायला वीस वर्षे लागली. १९९५ च्या ‘कॅसिओ क्यूव्ही-१०’ला मागे पडदा होता, घेतलेले चित्र जागच्या जागी दिसू लागले आणि श्वास रोखण्याची गरज संपली.

पण जुना हिशेब सुटला नाही, आणि ग्राहक फसला तो इथेच. फिल्मची जागा आता सेन्सरने घेतली. साध्या खिशातल्या डिजिटल कॅमेऱ्याचा सेन्सर सुमारे सहा मिलिमीटर लांब नि साडेचार रुंद, म्हणजे चवळीच्या दाण्याएवढा. क्षेत्रफळ अठ्ठावीस चौरस मिलिमीटर. बार्नाकच्या चौकटीचे ८६४. तीस पटींचा फरक! पाऊस पडताना अंगणात वाटी ठेवली आणि परात ठेवली तर पाणी कशात जास्त साठेल हे सांगायला शास्त्रज्ञ नको, उजेडाचेही तसेच. भर दुपारी दोन्ही भरतात. पणत्यांच्या उजेडात वाटी रिकामी राहते आणि चित्रावर रांगोळीच्या भुकटीसारखे ठिपके उठतात. हे न सांगता दुकानांनी मेगापिक्सेलचे आकडे सांगितले: पाच, आठ, बारा, सोळा. एकाच वाटीचे कप्पे वाढवत नेण्याचा तो प्रकार होता. त्याने पाणी वाढत नाही.

मग मोबाइल फोन आला आणि त्याने ही वाटी फुकटात दिली. २०१० साली जगभरात बारा कोटींवर डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले होते. २०२० साली ते एक कोटीही नव्हते. त्या पडझडीत टिकाव धरला तो काही हटवादी कॅमेऱ्यांनीच. २०११ च्या ‘फुजी एक्स१००’ने डोळ्याला लावायची खिडकी दिली आणि झूम सोडले, खिशाचा आग्रहही सोडला. २०१२ च्या ‘सोनी आरएक्स१००’ने खिसा राखला, झूम राखले आणि चवळीच्या चौपट सेन्सर बसवला, पण पहिल्या नमुन्यात खिडकी नव्हती. ‘रिको जीआर’ने २०१३ साली याहूनही मोठा, लहानाच्या तेरापट सेन्सर खिशात मावेल असा बसवला, त्यासाठी झूम नाही, खिडकी नाही. २०१९ च्या ‘जीआर थ्री’त तर फ्लॅशचा दिवाही काढून टाकला. प्रत्येकाने दुधासाठी एकेक शिंग सहन केले आहे.

आमच्या शाळेची सहल दरवर्षी कोणत्या तरी किल्ल्यावर जाते. एक हात कड्याला नि दुसरा पोराच्या मनगटाला, अशा स्थितीत जो कॅमेरा एका हाताने उघडत नाही तो माझ्या कामाचा नाही. डोळ्यांवर चष्मा, माथ्यावर ऊन. मागच्या पडद्यावर मला माझेच तोंड दिसते, तेव्हा खिडकी हवी. लांबचे जवळ आणण्याचे मला काही नाही. पोरे जवळच असतात, किंबहुना असावीत अशी खबरदारी घ्यावी लागते. माझ्या शेजारच्या आजीबाईंचा हात कापतो. त्यांना खिडकी नको. हलणाऱ्या हाताला सावरून घेणारे भिंग हवे आणि कळ ठसठशीत हवी. आम्हा दोघांना एकच कॅमेरा सुचवणारा दुकानदार आमच्या दोघांपैकी एकाला तरी नक्की फसवणार.

१९२३ च्या सुमारास नमुन्यादाखल केलेल्या त्या थोड्या कॅमेऱ्यांपैकी १०५ क्रमांकाचा बार्नाकने स्वतःजवळ ठेवला होता. २०२२ च्या जूनमध्ये त्याचा लिलाव झाला. १ कोटी ४४ लक्ष युरो आले. तोवर जगात कोणत्याही कॅमेऱ्याला इतकी किंमत आली नव्हती. त्याच्या खिडकीच्या माथ्यावर बार्नाकचे नाव कोरलेले आहे. या कॅमेऱ्याने त्याने मुख्यतः आपल्या घरच्या माणसांचे फोटो काढले.